सातबारा ऑनलाइन झाला, म्हणजे नेमके काय झाले?

पीककर्ज काढायचे असो, विहिरीवर वीजजोडणी घ्यायची असो, पीकविमा भरायचा असो की भावाभावांत वाटणी करायची असो, ग्रामीण महाराष्ट्रात पहिली मागणी होते ती सातबाऱ्याची. राज्यात असे सुमारे अडीच कोटी उतारे आहेत. 1 मे 2018 रोजी राज्य सरकारने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू केला आणि पुढच्या वर्षा-दीड वर्षात तो 15 रुपये ऑनलाइन भरून घरबसल्या मिळू लागला. उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत अर्धा दिवस घालवायची पाळी त्यामुळे टळली. शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यात सरकारी संगणकाने घडवलेला यापेक्षा मोठा बदल मला तरी दुसरा दिसत नाही.

मात्र जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणाचा केंद्राचा पहिला प्रायोगिक प्रकल्प देशातल्या आठ जिल्ह्यांत 1988-89 मध्ये सुरू झाला होता, आणि त्यात आपला वर्धा जिल्हा होता. म्हणजे पहिल्या संगणकापासून खिशातल्या मोबाइलपर्यंत यायला जवळपास तीस वर्षे लागली. ती कशात गेली, हा या प्रकरणाचा विषय आहे. बराच काळ गेला तो संदेशवहनाची तार गावापर्यंत पोचण्यात. उरलेला गेला नोंद खरी करण्यात, आणि ते काम अजून संपलेले नाही. पहिल्या कामाबद्दल खूप बोलले गेले. दुसरे काम जास्त अवघड होते आणि त्याची दखल फारशी घेतली गेली नाही, म्हणून त्यावर इथे अधिक लिहितो आहे.

दप्तराचा काळ

गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कुणाच्या नावावर, क्षेत्र किती, आकार (शेतसारा) किती, कूळ कोण, बोजा कुणाचा. गाव नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एकाच कागदावर. या कागदाचा कणा मात्र तिसऱ्याच वहीत असतो, गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. खरेदी झाली, खातेदार वारला, वाटणी झाली, सोसायटीचे कर्ज चढले किंवा उतरले, की आधी फेरफाराची नोंद धरली जाते. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि मग तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 149 आणि 150 मध्ये ही रीत घालून दिली आहे. कलम 157 सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होत नाही तोवर, खरी मानायची. चुकीची नोंद संगणकातून स्वच्छ छापून निघाली तरी तिलाही या कलमाचा आधार मिळतो. पुढचा सगळा घोळ समजायला हे ध्यानात ठेवावे लागते.

हाताने लिहिण्याच्या काळात ही सगळी साखळी एका माणसाच्या दप्तरात होती. एका सजात (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात) अनेकदा तीन-चार गावे, तलाठी एक. फेरफार मंजूर झाला तरी सातबाऱ्यावर अंमल द्यायचा राहून जाई. नवी वही लिहिताना जुन्या वहीतले एखादे नाव सुटे, आणेवारी (खातेदाराचा हिस्सा) चुके, बोजा फेडला तरी कमी होत नसे. हे सगळे लबाडीनेच घडले असे नाही. एका माणसाने हजारो पाने पुन्हा पुन्हा हाताने उतरवली, तर हे होणारच. लबाडीला मात्र त्यात भरपूर जागा होती, आणि उतारा देणे न देणे ज्याच्या हातात, त्याच्यापुढे शेतकरी हात जोडून उभा राही.

शिवाय महाराष्ट्राच्या जमिनीची कागदपत्रे मुळात एका घराण्यातली नाहीत. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात मुंबई इलाख्याची पद्धत, मराठवाड्यात निजामी राजवटीतून आलेली आणि 1954 च्या खासरा पत्रकावर उभी असलेली नोंद, विदर्भात पटवाऱ्याची वेगळी परंपरा. 1966 च्या अधिनियमाने कायदा एक केला. जुन्या वह्यांतल्या सवयी, संक्षेप आणि रकाने मात्र तसेच वाहत आले. ‘एकुम्या’ (एकत्र कुटुंब मॅनेजर), ‘अपाक’ (अज्ञान पालनकर्ता) अशा खुणा कितीतरी उताऱ्यांवर नव्या शतकातही राहिल्या. ज्या मुलासाठी अज्ञान पालक म्हणून चुलत्याचे नाव लावले, तो मुलगा आजोबा झाला तरी शेरा तिथेच.

तार तालुक्यापर्यंतच होती

वर्ध्यात संगणक आला तेव्हा तो जोडायचा कशाला, हाच प्रश्न होता. 1999 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात तेव्हाची परिस्थिती स्पष्ट नोंदवली आहे: ग्रामीण भागात दर 100 माणसांमागे 0.4 दूरध्वनी, आणि 2010 पर्यंत ते 4 वर न्यायचे उद्दिष्ट. अडीचशे माणसांमागे एक फोन, तोही बहुधा सरपंचाकडे, सोसायटीत किंवा पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर. अशा देशात उतारा गावात पोचवणार कशावरून? तालुक्याच्या कचेरीत संगणक ठेवायचा, तलाठ्यांकडचे कागद तिथे आणून ऑपरेटरकडून भरून घ्यायचे, एवढेच शक्य होते.

याच काळात महाराष्ट्रात एक धाडसी प्रयोग झाला, तो आज बहुतेकांच्या स्मरणात नाही. 1998 मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणानगर परिसरातली 70 गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून हाती घेतला. गावातल्या केंद्रावर बाजारभाव, दाखले आणि सातबाराही मिळावा, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात जे टिकले ते साखर कारखान्याचे काम: उसाची नोंद, वजन, बिल, खताची मागणी. कारखान्याकडे स्वतःची चोख माहिती होती आणि शेतकऱ्याला ती रोज हवी होती, म्हणून ते चालले. महसूल खात्याची नोंद त्या तारेवर आलीच नाही. पुढे 2006 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने तिथल्या सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवरून हीच कामे करून पाहिली. ती जास्त स्वस्तात आणि लवकर झाली. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांची दिशा वारणेच्या त्या सात गावांत आधीच दिसली होती: केंद्रापेक्षा खिशातला फोन पुढे जाणार, आणि ज्याची माहिती खरी त्याचीच सेवा टिकणार.

शेजारच्या कर्नाटकाने 2001-02 मध्ये ‘भूमी’ प्रकल्पात जे करून दाखवले, ते तार तालुक्यापर्यंतच असताना केले. 177 तालुक्यांत खिडक्या, 67 लाख शेतकऱ्यांचे सुमारे दोन कोटी उतारे, दर 15 रुपये, आणि आधी आलेला अर्ज आधी निकाली काढायचे बंधन संगणकातच घातलेले. सगळ्यांत मोठा निर्णय म्हणजे हस्तलिखित उतारा अवैध ठरवला. एकदा हातची वही मान्यच नाही म्हटल्यावर संगणकातली नोंद दुरुस्त करून घेण्यावाचून कुणालाच पर्याय उरला नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शेतकऱ्यांनी हा बदल आपल्याकडच्या भाऊबंदांच्या कितीतरी आधी पाहिला, अर्थात उतारा कन्नडमध्ये.

आपण त्या वेळी तो निर्णय घेतला नाही. तालुक्याच्या संगणकात उतारा आणि तलाठ्याकडे हस्तलिखित उतारा, असे दोन सातबारा वर्षानुवर्षे शेजारी शेजारी चालले. नवा फेरफार वहीत आधी चढे, संगणकात कधीतरी. दोन उताऱ्यांत फरक पडला की बँक एक मागे, कोर्ट दुसरा. संगणकीकरणाचे आकडे वाढत गेले आणि त्याच वेळी संगणकातली नोंद प्रत्यक्षापासून दूर सरकत गेली. या प्रकरणातली सर्वांत महाग चूक मी हीच मानतो.

ई-फेरफार आणि रात्रीचा सर्व्हर

2005 मध्ये केंद्राने सरकारी कचेऱ्या जोडणाऱ्या राज्यव्यापी जाळ्याला मंजुरी दिली. राज्याच्या मुख्यालयापासून तालुक्यापर्यंत किमान 2 एमबीपीएसची जोडणी, हे त्याचे माप. 2006 च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेत गावोगावच्या सेवा केंद्रांची तरतूद झाली. आपल्याकडे ती महा ई-सेवा केंद्रे आणि पुढे आपले सरकार सेवा केंद्रे म्हणून माहीत झाली. 2008 मध्ये जमीन अभिलेख आधुनिकीकरणाचा नवा राष्ट्रीय कार्यक्रम आला. या पायावर पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-फेरफार’ प्रणाली बांधली, आणि पुण्यातल्याच जमाबंदी आयुक्त कार्यालयाने ती टप्प्याटप्प्याने राज्यभर नेली.

ई-फेरफाराचे महत्त्व उताऱ्याच्या छपाईपेक्षा फार मोठे आहे. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती थेट तहसील कचेरीत येते. तलाठी नोंद धरतो, नोटीस संगणकातून निघते, मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी डिजिटल सहीने नोंद मंजूर करतो आणि सातबारा त्या क्षणी आपोआप बदलतो. ‘नोंद मंजूर आहे, पण अंमल राहिलाय’ हे वाक्यच नाहीसे होण्याची सोय झाली. मागाहून कुणी काय बदलले, याची खूणही राहू लागली.

फक्त हे चालायला तलाठ्याच्या लॅपटॉपपासून मुंबईतल्या डेटा सेंटरपर्यंत इंटरनेटची सलग, पुरेशी रेष लागत होती, आणि ती गावात नव्हती. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायचा निर्णय केंद्राने ऑक्टोबर 2011 मध्ये घेतला होता. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती त्यात होत्या, पण पहिल्या लाखभर पंचायतींचा टप्पा पुरा व्हायला 2017 अखेर उजाडली. मधली वर्षे तलाठ्यांनी डेटाकार्डावर आणि स्वतःच्या फोनवर काढली. दिवसा सगळ्या जिल्ह्यांचा भार सर्व्हरवर पडला की पान उघडायचे नाही, म्हणून कित्येकांनी रात्री बारानंतर आणि पहाटे बसून नोंदी केल्या. सर्व्हरचा वेग, लॅपटॉप, प्रिंटर यांसाठी तलाठी संघटनांना आंदोलने करावी लागली. वर्तमानपत्रांतून तेव्हा ‘तलाठ्यांचा संगणकीकरणाला विरोध’ असे चित्र उभे राहिले. ते अन्यायाचे होते असे मला वाटते. हातात अपुरे साधन देऊन त्या साधनाच्या वेगाचा जाब माणसाला विचारला जात होता.

2017 च्या कर्जमाफीने हीच अडचण सगळ्या राज्यासमोर आणली. अर्ज ऑनलाइन, बोटांचा ठसा आवश्यक, आणि सेवा केंद्रात रेंज नाही, वीज नाही, सर्व्हर चालत नाही. शेतकरी जोडप्यांनी केंद्रांबाहेर रात्री काढल्या. त्या वेळी गर्दी फॉर्मसाठी आहे असे म्हटले गेले. खरे तर ती रेषेसाठी होती. 2019 च्या पुढच्या कर्जमुक्ती योजनेत अर्जच मागवले नाहीत. बँकांनी याद्या दिल्या आणि शेतकऱ्याने फक्त आधार प्रमाणीकरण करायचे, एवढेच काम त्याच्याकडे ठेवले. सरकारी यंत्रणा अनुभवातून शिकते, याचे हे चांगले उदाहरण आहे आणि ते नोंदवायला हवे.

दरम्यान, महसूल खात्याच्या हातात नसलेली एक गोष्ट घडली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ बाजारात आली, डेटाचे दर कोसळले आणि दोन-तीन वर्षांत गावागावांत 4जी फोन पोचले. सरकारी फायबर जिथे पंचायतीच्या बंद खोलीत अडकले होते, तिथेही खासगी टॉवरची रेंज आली होती. 2018 चा डिजिटल सातबारा या रेंजवर चालला. तो 2010 मध्ये आणला असता, तर पाहायला शहरात जावे लागले असते.

चावडी वाचन

आता त्या कामाकडे येतो, ज्याच्याशिवाय डिजिटल सहीला काही किंमत राहिली नसती.

डिजिटल सही करायची म्हणजे ‘ही नोंद बरोबर आहे’ अशी जबाबदारी घ्यायची. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळल्याशिवाय ती घेता येत नव्हती, आणि जुळणारे उतारे किती आहेत हे कुणालाच सांगता येत नव्हते. संगणकाने विसंगतीच्या याद्या काढून दिल्या. खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी मेळ खात नाही. एकाच माणसाची दोन खाती आहेत. खाते आहे पण नाव नाही. फेरफार क्रमांक आहे, तो फेरफार सापडत नाही. याद्या जिल्ह्याजिल्ह्याला लांबच लांब निघाल्या. संगणक विसंगती दाखवू शकत होता. दोन आकड्यांतला खरा कोणता, हे त्याला ठरवता येत नव्हते.

तेव्हा खात्याने जुन्याच रीतीचा आधार घेतला. 2017 च्या उन्हाळ्यात गावोगावी चावडी वाचनाची मोहीम झाली. तलाठ्याने गावात बसून सातबारा मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा, चूक असेल तिथे उठून सांगायचे. गट नंबर अमुक, क्षेत्र इतके हेक्टर इतके आर, नावे ही. ‘सखारामचं नाव दोनदा आलंय’, ‘ती बहीण राहिली’, ‘बोजा कधीच फिटला’. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही आपल्या जमिनीची नोंद तपासता येईल अशी दुसरी कुठलीही पद्धत मला माहीत नाही. वेबसाइटवर उतारा पाहायची सोय होतीच, पण ज्याने पाहावा त्याला ती माहीत असेलच असे नव्हते. चावडीत पुकारलेले मात्र गावभर होते.

वाचनानंतर दुरुस्त्या. लेखनातल्या चुका कलम 155 खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्त करायच्या, प्रत्येकाला आधार म्हणून जुना फेरफार किंवा जुना उतारा शोधायचा. मग ‘रि-एडिट’ या सोयीतून नोंद सुधारायची, वरिष्ठांनी ठरलेल्या प्रमाणात उतारे तपासायचे आणि शेवटी तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार यांनी लेखी घोषणापत्र द्यायचे की या गावाचे काम झाले. सुमारे 44 हजार गावांत हे झाले. सुट्टीच्या दिवशी तहसील कचेरीत जुन्या वह्यांची बंडले सोडून बसलेली माणसे, धुळीने खोकणारी, मला या प्रकरणाचे खरे नायक वाटतात.

त्या घाईत चुकाही झाल्या. उद्दिष्टाचा दबाव असला की ‘जुळते’ असा शेरा मारणे सोपे असते. कलम 155 लेखनातल्या चुकांसाठी आहे. त्याच्या आडून हक्काच्याच नोंदी बदलल्या गेल्याच्या तक्रारी पुढे आल्या, आणि त्यांत तथ्य असेल तिथे त्याचे परिणाम शेतकरी कुटुंबे आजही कोर्टात भोगत असतील. चुकीचा सातबारा पूर्वी एका वहीत असे. आता तो बँकेला, विमा कंपनीला, खरेदी केंद्राला एकाच वेळी दिसतो. म्हणून दुरुस्तीचा रस्ता उताऱ्याइतकाच सोपा असायला हवा, आणि तो आजही तेवढा सोपा नाही. उतारा मोबाइलवर मिळतो, दुरुस्तीसाठी मात्र अनेकदा तहसीलला खेटे घालावे लागतात.

उताऱ्यावर काय बदलले

डिजिटल उताऱ्यावर 16 अंकी पडताळणी क्रमांक असतो. तो संकेतस्थळावर टाकला की मूळ उतारा दिसतो, त्यामुळे खाडाखोड केलेली प्रत पकडता येते. 2020 मध्ये उताऱ्याचा नमुनाच सुधारला. गावाचा सांकेतिक क्रमांक आला, खातेदाराच्या नावासमोर खाते क्रमांक आला, शेवटच्या फेरफाराची तारीख आली. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची भर ‘प्रलंबित फेरफार’ या ओळीची. जमीन कालच विकली गेली आहे आणि नोंद अजून मंजूर व्हायची आहे, हे पुढच्या गिऱ्हाइकाला उताऱ्यावरच कळते. एकच जमीन दोघांना विकण्याच्या जुन्या फसवणुकीला त्याने मोठा अटकाव झाला आहे. पुढे ‘ई-हक्क’ प्रणालीतून वारस नोंद, बोजा चढवणे-उतरवणे अशा अर्जांचीही ऑनलाइन सोय झाली.

नमुना 12 शेतकऱ्याच्या हाती

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. महसूल आणि कृषी विभागांचा हा प्रकल्प टाटा ट्रस्टच्या मदतीने उभा राहिला. सातबाऱ्याचा ‘बारा’ आता तलाठ्याऐवजी खातेदार स्वतः भरतो: शेतात उभे राहायचे, गट निवडायचा, पीक, क्षेत्र, पाण्याचे साधन भरायचे, फोटो काढायचा. चुकले तर 48 तासांत दुरुस्त करता येते. ठराविक टक्के नोंदी तलाठ्याने प्रत्यक्ष तपासायच्या.

कायद्याप्रमाणे तलाठ्याने हंगामात शेतोशेत फिरून पीक पाहायचे असते. तीन-चार गावांच्या एका माणसाला ते अशक्य होते, आणि कागदावर वर्षानुवर्षे तेच पीक उतरत राही. कापूस लावलेल्या शेतात उताऱ्यावर ज्वारी. दुष्काळाची मदत, पीकविमा, हमीभावाच्या केंद्रावर तूर किंवा हरभरा घालणे, हे सगळे पीकपेऱ्यावर चालते, म्हणून हा बदल मनापासून स्वागतार्ह होता. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, यात शेतकऱ्याचा मान आहे.

पण नोंदीचा हक्क आला तशी जबाबदारीही आली, आणि ती सगळ्यांना सारखी झेपत नाही. स्मार्टफोन नसलेल्या खातेदाराची नोंद दुसऱ्याच्या फोनवरून करता येते, रेंज नसेल तर फोटो शेतात काढून नंतर रेंजमध्ये येऊन पाठवता येतो. या सोयी विचारपूर्वक केल्या होत्या. तरीही सातपुड्यातल्या पाड्यावर, भामरागडच्या जंगलात किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या खातेदारणीसाठी हे सोपे नाही. 2022 मध्ये ॲपमध्ये गटाचा मध्यबिंदू घातला आणि शेतापासून किती लांबून फोटो काढला ते कळू लागले. त्यामुळे घरी बसून नोंदी करणे अवघड झाले, हे चांगले झाले. पण फोनचा जीपीएस भरकटला की बांधावर उभ्या असलेल्या माणसालाही ‘तुम्ही गटात नाही’ असे ऐकावे लागते. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर मंदावतो, मुदतवाढ द्यावी लागते. नोंद राहिलीच तर तिची किंमत विम्याच्या वेळी मोजावी लागते. आता गावोगावी सहायक नेमले आहेत. माझे स्पष्ट मत आहे की हा सहायक तात्पुरता मानू नये. नेटवर्क कितीही सुधारले, तरी नोंद करून देणारे माणूस गावात लागणारच.

मेलेल्या माणसांची खाती

2025 साली महसूल विभागाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घेतली. डिजिटल सही झालेल्या उताऱ्यांवरही मृत खातेदारांची नावे मोठ्या संख्येने तशीच होती. वारस नोंद न झाल्याने मुलांना पीककर्ज मिळत नव्हते, विधवेला नुकसानभरपाईसाठी वर्षानुवर्षे खेपा पडत होत्या. हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारा तंतोतंत जुळत होता, फक्त ज्याचे नाव दोन्हींत होते तो माणूस हयात नव्हता. डेटा जुळवणे आणि नोंद खरी असणे यांतला फरक इतका उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही. या मोहिमेची पहिली पायरी कोणती होती? मृत खातेदारांच्या यादीचे गावात चावडी वाचन. तलाठी (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) यादी वाचतो, गाव सांगते कोण कधी गेले आणि मागे कोण आहे. त्यानंतर कागदपत्रे, वारस ठराव आणि ई-फेरफारात नोंद.

यातही लक्ष ठेवायला हवे ते बहिणींच्या नावांवर. वारसांची यादी देताना मुलींची नावे गाळायची सवय जुनी आहे. ऑनलाइन अर्जात वारसांची नावे अर्जदारच भरतो, आणि त्याने गाळलेले नाव प्रणालीला कळायला मार्ग नाही. चावडीत कुणीतरी उठून ‘तिघी बहिणी आहेत’ असे म्हणू शकते. ही सोय मोहीम संपल्यावरही दरवर्षी ठराविक दिवशी असायला हवी. तिला फार खर्च नाही.

पुढचे काम नकाशाचे आहे. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि जमिनीवरचे क्षेत्र यांचा मेळ अनेक ठिकाणी अजून नाही, आणि बांधाचे बहुतेक तंटे तिथूनच उगवतात. भूमी अभिलेख खाते आता रोव्हर या उपग्रहाधारित यंत्राने मोजणी करते. राज्यात उभारलेल्या स्थिर केंद्रांकडून रोव्हरला उपग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती मोबाइल इंटरनेटवरून मिळते आणि काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा कळते. म्हणजे मोजणीही रेंजवर आली. जिथे रेंज आहे तिथे दिवसाचे काम तासांत होते, डोंगरी तालुक्यांत भूकरमापकाला अजून जुनी साधने बाळगावी लागतात. मात्र रोव्हर असो की जुना मोजणी फलक, लगतच्या सगळ्या खातेदारांना आधी नोटीस द्यावी लागते आणि मोजणीच्या दिवशी त्यांना बांधावर बोलवावे लागते. वहिवाट कुठपर्यंत आहे, हे त्यांनीच दाखवायचे असते.